आफ्रिकेचा नंबर एक

पुस्तकं न वाचणाऱ्या लोकांसाठी पुस्तकांबद्दल लिहायचं, ही माझी अकरा वर्षांची नोकरी. अमरावतीत बसस्टँडपासून दहा मिनिटांवर, एका सायकल दुकानाच्या वर आमचं प्रकाशन होतं. मालकांना सगळे नाना म्हणत. मी तिथे संपादक होतो. म्हणजे मुद्रितं तपासायची, लेखकांची समजूत काढायची आणि मलपृष्ठावरचा मजकूर लिहायचा. तुम्ही दुकानात पुस्तक उलटं करून जे वाचता आणि मग परत ठेवून देता, तो मजकूर.

या अंकाच्या संपादकांनी मला 'गमतीदार अनुभव' मागितले आहेत. एक आहे. मोर्शीचे एक संत्रा बागायतदार आत्मचरित्र छापायला आले. मलपृष्ठावर काय हवं विचारलं, तर म्हणाले, "एवढंच लिहा का याच्यात माह्या चुलतभावाचा उल्लेख नाई." मी समजावलं, तसं लिहिलं तर उल्लेख होईल. ते विचारात पडले आणि आठ दिवसांनी पुस्तकच परत घेऊन गेले. गंमत इथे संपली. बाकी जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही.

माझे वडील वीज मंडळात खांबावर चढायचे आणि उरलेला वेळ चळवळीत. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही भावंडं झोपायचो. अक्षरओळखही मला पत्रकांवरच झाली. पत्रकाला सुरुवातीला आरोप असतो आणि शेवटी आवाहन असतं. मधे शंकेला जागा नसते, कारण कागद एकच असतो. ही शिस्त मी नोकरीत आणली. नानांनी 'जगाचे कादंबरीकार' नावाची पुस्तिकांची मालिका काढली, ती माझ्या भरवशावर. सोळा पानांचा एक फर्मा, एक लेखक, एक निकाल. कॉलेजातली मुलं ती घेत, कारण सोळा पानांत लेखक उरकायचा. प्राध्यापक घेत, त्याचंही कारण तेच. माझी वाक्यं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून, निरोप समारंभाच्या भाषणांतून फिरत राहिली. मला त्याचा अभिमान होता. हा अभिमान कशाचा होता ते पुढे येईल.

अकोल्याचे एक कापूस-जिनिंगवाले शेठ नानांच्या ओळखीचे. त्यांची नात परदेशात शिकायला गेली आणि आजोबांना म्हणाली की, तुमच्याकडे आफ्रिकेतलं काहीच कसं कुणी वाचत नाही. शेठना ते लागलं. ते आमच्या ऑफिसात आले, खुर्चीवर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "नाना, आफ्रिकेची एक कादंबरी मराठीत काढा. खर्च माह्याकडं. पण नंबर एकची पाहिजे. दोन नंबरचा माल मी जिनिंगमधी बी घेतला नाई."

नाना म्हणाले, "आफ्रिका म्हणजे एक गाव नाई शेठजी. लय देश हायेत, लय भाषा हायेत."

"मंग काय झालं? नंबर एक तं एकच असते न."

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं तिथे कुणीतरी म्हणायला हवं होतं. एवढ्या मोठ्या खंडातून एक माणूस उचलायचा आणि बाकीच्यांना रांगेत उभं करायचं, हे शेठना शोभत होतं, मला नाही. पण मी बाह्या सरसावल्या. माझा नंबर एक ठरलेला होता.

लेखकांची नावं मी इथे देत नाही. त्यांच्या कल्पनेतही नसलेल्या भांडणात मी त्यांना एकदा ओढलं, तेवढं पुरे. ऑफिसात आम्ही त्यांना ज्या नावांनी ओळखायचो तीच वापरतो. पहिले 'म्हातारबा': इंग्रजीत लिहिणारे, जगभर माहीत असलेले, एम. ए.ला लागलेले. दुसरे 'नदीवाले': आपल्या नदीकाठच्या कोळ्यांच्या भाषेतच लिहिणारे, ते माझे. आणि तिसरी 'मिठागरवाली'. तिचं नाव आम्हाला ऐकूनही माहीत नव्हतं. ते आणलं इंदूताई राऊतांनी.

इंदूताई चांदूर बाजारच्या. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. सासरी भाजीपाल्याची आणि झेंडूची शेती, त्यामुळे त्यांच्या पिशवीतून वह्या निघाल्या की सोबत कोथिंबिरीचा वास यायचा. सहा वह्या होत्या. मिठागरवालीच्या कादंबरीचा पूर्ण अनुवाद, तीन वर्षं खपून केलेला. बायकांची बोली त्यांनी वऱ्हाडीत आणली होती. भाच्याकडून ईमेल करवून थेट लेखिकेची परवानगीही मिळवली होती. परवानगीला मुदत होती दोन वर्षांची. तेवढ्यात मराठी प्रकाशकाचा करार गेला नाही तर ती रद्द होणार होती. त्यातले सहा महिने उरले होते.

"आहे काय या कादंबरीत?" मी विचारलं.

"पाणी हाय," त्या म्हणाल्या. "मिठागराचं गाव. सारं पाणी खारं. गोडं पाणी तीन कोसांवर, अन् तिथल्या नळाले कुलूप. बाया भांडे घेऊन उभ्या रायतेत. माह्यं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. माह्या मायनं जलमभर हेच केलं. मले वाचता वाचता वाटलं, बापा, हिले कसं मालूम?"

"आणि मालक? मिठागराचा मालक कुठे आहे?"

त्या हसल्या. "वाचा न तुमी. पुस्तक ठेवून जाते."

त्यांनी इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. कव्हरला शाळेतल्यासारखा खाकी कागद चढवलेला होता.

शेठच्या अटीप्रमाणे अकोल्यात परिसंवाद ठरला: 'आफ्रिकेचा सर्वश्रेष्ठ कादंबरीकार कोण?' जो लेखक ठरेल त्याचंच पुस्तक निघणार. म्हातारबांच्या बाजूने अकोल्याचे प्रा. तायडे, नदीवाल्यांच्या बाजूने मी, मिठागरवालीच्या बाजूने इंदूताई. निर्णय तिघा परीक्षकांचा, त्यांत एक खुद्द शेठ. आणि श्रोत्यांना आधी माहिती असावी म्हणून तिन्ही लेखकांवर पुस्तिका. त्या लिहिणार मी. एका बाजूने बोलणाऱ्यानेच तिघांवर लिहावं यात काही चूक आहे, असं नानांना वाटलं नाही, मला वाटलं नाही. आमच्याकडे काम असंच चालायचं. लिहिता येतं ना, मग लिही.

म्हातारबांच्या पाच कादंबऱ्या मी नीट वाचल्या, शत्रू म्हणून का होईना. नदीवाल्यांचं जे मिळालं ते सगळं वाचलं. मिठागरवालीसाठी चार दिवस उरले. मी चाळीस पानं वाचली. बायका रांगेत उभ्या आहेत, बायका भांडताहेत, कुलूप आहे, भांडी आहेत. मालकाचा पत्ता नाही. गोऱ्या साहेबाचा नाही, संपाचा नाही. मी पुस्तक मिटलं आणि पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं: 'जिच्या कादंबरीत मालकच दिसत नाही, ती लेखिका गुलामगिरीबद्दल नाही, भांड्यांबद्दल लिहिते आहे.'

वाक्य चांगलं जमलं होतं. दुपारी नानांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "तुही लेखणी म्हंजे विळा हाय रे." मी खूश झालो.

घाई होती, हे खरं. पण घाईत कुणी असं वाक्य लिहीत नाही. म्हातारबांशी लढायला मला मैदान मोकळं हवं होतं. इंदूताई निवृत्त बाई, चांदूर बाजारच्या, बोलण्यात कच्च्या. त्यांना आधी बाजूला सारणं सोपं होतं, म्हणून सारलं. आयुष्यभर ज्यांच्या बाजूने पत्रकं वाटली, त्यांतल्याच एका बाईला मी सोपं सावज म्हणून निवडलं.

परिसंवादाला हॉल भरला होता. प्रत्येक खुर्चीवर तीन पुस्तिका. तायडे सर मुरलेले वक्ते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: म्हातारबांनी जगाला आफ्रिकेकडे पाहायला लावलं, ते नसते तर आज आपण इथे या विषयावर बसलोच नसतो. मी उठलो आणि तुटून पडलो. ज्याने आपल्या माणसांची भाषा सोडून राज्यकर्त्यांची धरली तो त्यांचा सर्वश्रेष्ठ कसा, वगैरे. टाळ्या पडल्या. तायडे सर बसल्या जागेवरून म्हणाले, "सचिनभाऊ, एक सांगा. तुमी नदीवाल्यांले कोणत्या भाषेत वाचलं?"

"इंग्रजीत," मी म्हणालो.

हॉल हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार.

मग इंदूताई उठल्या. त्यांनी भाषण केलंच नाही. वही उघडून रांगेतला एक प्रसंग वाचायला लागल्या. एक म्हातारी बाई नळाच्या कुलपाला हात लावून पाहते, ते उन्हाने तापलेलं असतं, आणि मागची पोरगी म्हणते, "मावशे, त्याले ताप आला काय वं?" रांग हसते. हॉलमध्ये कोपऱ्यातून एक-दोघी बायका हसल्या. इंदूताईंचा आवाज थोडा सुटला. तेवढ्यात तायडे सरांनी पुस्तिका उचलली.

"ताई, अनुवाद गोड हाय, वाद नाई. पन प्रकाशनाच्याच पुस्तिकेत काय लिहिलं पाहा." आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. चांगलं वाचलं, जिथे थांबायचं तिथे थांबून. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. टाळ्या वाजल्या, माझ्या भाषणाला वाजल्या त्याहून जास्त.

इंदूताईंनी वही मिटली. माझ्याकडे वळल्या. माईक त्यांच्यासमोरच होता.

"हे तुमी लिहिलं. कुठवर वाचली तुमी कादंबरी?"

"पूर्ण वाचली," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि खाली बसल्या. बसल्यावरही पाहतच होत्या. माझ्यापुढे पाण्याची बाटली होती, मी ती उगाच उघडली आणि बंद केली.

म्हातारबा जिंकले. शेठनी शाल-श्रीफळ वाटलं, फोटो निघाले. ते पुस्तकही पुढे निघालं नाही. म्हातारबांच्या परदेशी प्रकाशकांनी नानांच्या पत्राला उत्तर दिलं नाही आणि शेठचं लक्ष नातीच्या लग्नात गेलं. सगळ्या भांडणातून आफ्रिकेचं एकही पान मराठीत आलं नाही.

इंदूताईंचं पुस्तक परत करायचं होतं, म्हणून त्या आठवड्यात मी ते बॅगेत टाकलं आणि नांदगाव पेठेच्या एका छापखान्यात मुद्रितांची वाट पाहत बसलो असताना उघडलं. एक्केचाळिसाव्या पानापासून. संध्याकाळपर्यंत संपवलं.

मालक एकशे त्रेचाळिसाव्या पानावर येतो. तोवर गावात त्याला कुणी पाहिलेलंच नाही. आहे ते फक्त त्याचं कुलूप. बायका कुलपाशी बोलतात, कुलपाला शिव्या देतात, कुलपाची थट्टा करतात. मग एक दिवस गाडी थांबते, एक साधा, थोडा आजारी दिसणारा माणूस उतरतो, कुलूप उघडायला लावतो, गोड्या पाण्याने हात धुतो, बुटांवरची धूळ धुतो, आणि निघून जातो. एवढंच. रांग उभीच असते. कुणी ओरडत नाही. त्या ओल्या जागेकडे पाहत उभ्या असलेल्या बायकांवर प्रकरण संपतं.

मी मालकांवर शेकडो पत्रकं वाचली आहेत, डझनभर लिहिली आहेत. मालक म्हणजे काय, हे मला त्या पानावर कळलं. तो एवढे दिवस दिसत नाही, हीच तर ती कादंबरी होती. आणि मी त्याच्या न दिसण्यावर तिला फाशी दिली होती.

दुसऱ्या दिवशी नानांना म्हटलं, शुद्धिपत्र छापू. अकराव्या पानावरचं मत कादंबरी पूर्ण न वाचता दिलं आहे, असं.

नाना चष्मा पुसत म्हणाले, "शुद्धिपत्र चुकीच्या छपाईचं असते रे. चुकीच्या मताचं नसते."

"मग इंदूताईंचं पुस्तक तरी काढू. शेठ नसला तर नसला."

"कसं काढू? आपल्याच पुस्तिकेत आपण सांगितलं का हे भांड्यांचं पुस्तक हाय. ते कॉलेजाकॉलेजात गेलं. आता त्याच्याच मलपृष्ठावर तू काय लिहिशीन?"

मी सांगितलं, काय लिहीन ते. भांडलो, आठवडेच्या आठवडे भांडलो. नाना वाईट माणूस नव्हते. ते फक्त "पाहू" म्हणत राहिले. पाहता पाहता उरलेले महिनेही गेले. मुदत संपली. मराठीचे हक्क लेखिकेच्या एजंटाने दुसरीकडे, दूरच्या एका मोठ्या प्रकाशनाला दिले. त्यांचा अनुवादक त्यांचा. मग मी नोकरी सोडली. राजीनाम्यात तत्त्वं वगैरे लिहिली होती. ती खरी नव्हती. मला त्या टेबलावर बसवत नव्हतं.

पुस्तक अजून माझ्याकडेच होतं. ते घेऊन मी चांदूर बाजारला गेलो. इंदूताई अंगणात झेंडूच्या माळा करणाऱ्या बायकांसोबत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, आत नेलं, चहा ठेवला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चाळीस पानं. त्या दिवशी खोटं बोललो.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "बस न. तुह्या पुस्तिकेत चाळीस पानांच्या पुढचं एक बी माणूस नाई. पोरं पहिला धडा वाचून बाकीचं गाइडातून लिहीत, तीस वर्सं तेच तपासलं मी."

त्या मला 'तू' म्हणाल्या हे माझ्या लक्षात आलं.

"मग हॉलमध्ये का नाही बोललात? माईक तुमच्यासमोर होता. एका वाक्यात माझं काम झालं असतं."

"भर सभेत पोराले खोटं पाडाचं? वर्गात कधी नाई केलं, तिथं काहून करू?" त्यांनी चहा गाळला. "अन् मले वाटलं, तू सोताहून सांगशीन. तुही भाषणं ऐकली होती मी. हा पोरगा खोट्यावर टिकाचा नाई, असं वाटलं. म्हून तं खाली बसली. वाट पाहून राहिली होती."

चहा प्यायलो की नाही ते आठवत नाही. बाहेर बायकांचं बोलणं चालू होतं, कुणाच्या तरी सुनेची थट्टा.

थोड्या वेळाने त्यांनी कपाटातून एक छापील कागद काढला. लेखिकेचा ईमेल, पंधरा दिवसांपूर्वीचा. तिने विचारलं होतं: करार का आला नाही? तुम्ही पाठवलेली वऱ्हाडी वाक्यं मला कळत नसूनही मी मोठ्याने वाचली होती. काय झालं?

"याले उत्तर नाई देल्लं अजून," इंदूताई म्हणाल्या. "काय लिहू? प्रकाशक भेटला नाई म्हणू? खोटं होते. तूच लिही. खाली माही सही नको, तुहीच कर."

त्यांनी पॅड आणि पेन माझ्यापुढे सरकवलं आणि माळा करायला बाहेर गेल्या.

मी लिहायला बसलो. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यात प्रादेशिक प्रकाशनांच्या अडचणी होत्या, बड्या प्रकाशन संस्थांचं साहित्यावरचं वर्चस्व होतं, आम्ही परिस्थितीचे बळी कसे आहोत ते होतं. एकूण एक गोष्ट खरी होती. इंदूताई मधे एकदा आत आल्या, चष्मा लावून वाचलं, आणि उत्तरपत्रिकेवर मारतात तशी वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ मारली.

"हे तं पत्रक हाय," त्या म्हणाल्या. "तिनं काय झालं ते विचारलं."

ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा पत्र झालं. चार ओळींचं. तुमच्या कादंबरीबद्दल मी वाईट लिहिलं, ती पूर्ण न वाचता. ते सर्वांनी मानलं. विचारल्यावर मी खोटं बोललो. म्हणून श्रीमती राऊतांचा अनुवाद छापला गेला नाही. तो उत्तम आहे. खाली माझं पूर्ण नाव.

इंदूताईंनी ते दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम घातला. भाच्याला फोन करून बोलावलं आणि माझ्यासमोर पाठवायला लावलं. मग म्हणाल्या, "परतवाड्याची गाडी येईन आता, तिनं जाय. तिथून बदल. अमरावतीची थेट गाडी उशिरा हाय."

लेखिकेचं उत्तर आलं, असं नंतर कळलं. ते इंदूताईंना आलं होतं. मला काहीच आलं नाही आणि ते योग्यच आहे. हक्क घेतलेल्या प्रकाशनाच्या यादीत ती कादंबरी 'आगामी' या शब्दाखाली आहे. दर वर्षी नवी यादी येते आणि ती तिथेच असते. इंदूताईंच्या सहा वह्या कायद्याने कुणीही छापू शकत नाही. माझी पुस्तिका मात्र अजून छापून विकली जाते. मी ती आतापर्यंत चौदा कॉलेजांच्या ग्रंथालयांत शोधली आणि प्रत्येक प्रतीच्या अकराव्या पानावर पेनने लिहिलं: हे खोटं आहे, कादंबरीचं एकशे त्रेचाळिसावं पान वाचा. दोन ठिकाणी ग्रंथपालांनी मला पुस्तक खराब केलं म्हणून हाकलून दिलं. पण पोरं वाचणार कुठून ते पान? मराठीत ते फक्त चांदूर बाजारला, एका कपाटात आहे.